विश्लेषण : दोनच आसने, सारख्याच गाड्या… छोट्या स्पोर्ट्स कारची निवड आता अवघड का झाली?

दोन दारे, दोन आसने, मागच्या चाकांना ताकद आणि सामानासाठी जेमतेम जागा. माझदा एमएक्स-५, फियाट १२४ स्पायडर, बीएमडब्ल्यू झेड४, टोयोटा जीआर सुप्रा, पोर्शे ७१८ आणि अल्पीन ए११० या सगळ्या गाड्यांचे वर्णन कागदावर जवळपास एकच आहे. त्यामुळे ‘यातली कोणती घ्यावी?’ हा वाद वर्षानुवर्षे सुरू आहे. मात्र यातील एमएक्स-५ वगळता बाकी गाड्यांचे उत्पादन एक तर थांबले आहे किंवा थांबवण्याची घोषणा झाली आहे. त्यामुळे आता केवळ वेग पाहून निर्णय घेणे पुरेसे राहिलेले नाही. असे का झाले आणि निवड करताना नेमके काय पाहावे लागते?

एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या…

माझदाने एमएक्स-५ १९८९ मध्ये बाजारात आणली. २०१६ मध्ये या गाडीच्या उत्पादनाने १० लाखांचा टप्पा ओलांडला. एवढा खप उघडणाऱ्या छताच्या दुसऱ्या कोणत्याही दोन आसनी स्पोर्ट्स कारला मिळालेला नाही. तिच्या चौथ्या पिढीच्या सांगाड्यावर फियाटने १२४ स्पायडर तयार केली आणि २०१६ पासून विकली. दोन्ही गाड्या जपानमधील हिरोशिमा येथे माझदाच्याच कारखान्यात तयार होत. सांगाडा, कापडी छत आणि आतली मांडणी बरीचशी समान. फरक होता तो बाहेरच्या पत्र्यात आणि इंजिनात.

फियाटने आपले १.४ लिटरचे टर्बो इंजिन वापरले. युरोपातील आवृत्तीत ते २२५० फेऱ्यांनाच २४० न्यूटन मीटर टॉर्क देते. म्हणजे गिअर न बदलताही गाडी सहज पुढे झेपावते. माझदाच्या दोन लिटर इंजिनाला टर्बो नाही. त्याचा टॉर्क २०५ न्यूटन मीटर असून खरी ताकद मिळवायची तर इंजिन जास्त फेऱ्यांवर नेऊन सारखे गिअर बदलावे लागतात. रोज शहरातून ये-जा करणाऱ्याला फियाट आरामशीर वाटते, तर घाटरस्त्यावर गिअर बदलण्यातच मजा मानणाऱ्याला माझदा. त्यामुळे ‘जास्त चांगली कोणती’ याचे एकच उत्तर मिळत नाही.

छत उघडे की बंद?

बीएमडब्ल्यू झेड४ आणि टोयोटा सुप्रा ही अशीच दुसरी जोडी. दोन्हींचा पाया एक, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बीएमडब्ल्यूचे आणि दोन्हींचे उत्पादन ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरात. इथे कंपन्यांनी ग्राहक वाटून घेतले. झेड४ फक्त उघडणाऱ्या छताची, सुप्रा फक्त बंद छताची. पोर्शेनेही ७१८ मध्ये हेच केले. बॉक्स्टर उघडी, केमन बंद. बंद छताची गाडी वळणावर अधिक ताठ राहते आणि आवाज कमी येतो. उघड्या गाडीत मोकळ्या हवेचा आनंद मिळतो. पण कापडी छताची निगा राखावी लागते.

कंपन्या अशा जोड्या का लावतात?

कारण सरळ आहे. दोन आसनी गाडी हे बहुतेक घरांमधले दुसरे किंवा तिसरे वाहन असते. मुलांना शाळेत सोडणे, आठवड्याचा किराणा आणणे तिच्यात जमत नाही. एमएक्स-५ च्या डिकीत १३० लिटर सामान मावते. एवढी जागा लहान हॅचबॅकमध्येही याहून जास्त असते. साहजिकच विक्री कमी होते. पण नवा सांगाडा विकसित करण्याचा, धडक चाचण्यांचा आणि इंजिनाला प्रदूषण नियमांत बसवण्याचा खर्च मात्र मोठ्या खपाच्या गाडीइतकाच असतो. तो एकट्याने पेलवत नाही म्हणून प्रतिस्पर्धीही भागीदार होतात.

नियमांचा फटका कसा बसला?

युरोपीय महासंघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा, आपत्कालीन ब्रेक, चालकाला डुलकी लागल्याचा इशारा अशा सोयी सक्तीच्या झाल्या. त्याच सुमारास मोटारीतील संगणकप्रणाली सायबर हल्ल्यांपासून सुरक्षित ठेवण्याचे संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील नियमही सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. २०१६ मध्ये आलेल्या ७१८ ची इलेक्ट्रॉनिक रचना त्यात बसत नव्हती. ती नव्याने करण्याऐवजी पोर्शेने काही मर्यादित आवृत्त्या वगळता ही गाडी युरोपीय महासंघाच्या बाजारातून मागे घेतली आणि २०२५ मध्ये तिचे उत्पादनही थांबले. झेड४, सुप्रा आणि ए११० या तिन्हींचे उत्पादन २०२६ मध्ये थांबवण्याचे संबंधित कंपन्यांनी जाहीर केले. फियाट १२४ तर २०२० च्या सुमारासच बंद झाली होती.

नियम अनावश्यक होते असे यातून सिद्ध होत नाही. त्याच सोयी लाखोंनी विकल्या जाणाऱ्या गाडीत बसवल्या की प्रत्येक गाडीमागचा खर्च किरकोळ ठरतो. काही हजार गाड्यांवर तो वाटला की गणित कोलमडते.

मग निवड कशाच्या आधारे?

बंद झालेली गाडी घेणाऱ्याने पहिला प्रश्न सुट्या भागांचा विचारायला हवा. १२४ स्पायडरचे सांगाड्याचे अनेक भाग माझदाशी जुळतात. पण बॉनेट, दिवे, बंपर आणि इंजिन माझदाचे चालत नाही. किरकोळ अपघातानंतर हा फरक खिशाला जाणवतो. दुसरा मुद्दा वजनाचा. एमएक्स-५ साधारण एक टनाची, ए११० त्याहून थोडी जड, तर सुप्रा आणि झेड४ दीड टनाच्या आसपास. वजन वाढले की टायर, ब्रेक आणि इंधन यांचा खर्चही वाढतो. तिसरा मुद्दा म्हणजे गाडीत प्रत्यक्ष बसून पाहणे. उंच व्यक्तीचे गुडघे किंवा डोके अडत असेल, तर आकड्यांची तुलना तिथेच संपते.

भारतात काय स्थिती?

माझदा भारतात अधिकृतपणे गाड्या विकत नाही. परदेशातून पूर्ण तयार स्थितीत येणाऱ्या गाड्यांवर भरमसाट कर लागत असल्याने तिकडची ‘परवडणारी’ स्पोर्ट्स कार इथे चैनीची वस्तू होते. २०२५ मध्ये एमजीने सायबरस्टर ही दोन आसनी विजेरी गाडी आणली. तिची एक्स-शोरूम किंमत ७४.९९ लाख रुपये होती. ताकद ५१० अश्वशक्ती, मात्र वजन दोन टनांच्या जवळ, म्हणजे एमएक्स-५ च्या जवळपास दुप्पट. बॅटरी हलक्या होईपर्यंत विजेरी स्पोर्ट्स कार वेगवान असेल, पण ‘छोटी’ असेलच असे नाही. त्यामुळे हलक्या पेट्रोल गाडीची आवड असणाऱ्यांसाठी नव्या गाड्यांच्या शोरूममधील पर्याय कमी होत जाणार, आणि खरी निवड जुन्या गाड्यांच्या बाजारातच करावी लागणार.