करकपात नेत्याची, करवाढ कुणाची?

अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर आता ५ टक्के जीएसटी लागतो. कोल्हापुरी चपलेच्या कारागिराला यातून दिलासा मिळतो, त्याचे स्वागत. पण जीएसटीचे दर कमी होणार, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर केले आणि ज्या जीएसटी परिषदेला दर ठरवण्याचा अधिकार आहे, ती बसली ३ सप्टेंबरला. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद गुळावर ५ टक्के कर बसला, तेव्हा मात्र अर्थमंत्र्यांनी परिषदेतील सहमतीकडे बोट दाखवले होते. करकपात नेत्याची आणि करवाढ परिषदेची, ही वाटणी कोल्हापूरच्या गूळ उत्पादकाने का मान्य करावी? परिषदेत राज्यांनाही मत आहे, हा बचाव लंगडा आहे. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात आणि एक तृतीयांश मत एकट्या केंद्राच्या हाती आहे. केंद्राच्या मनात नसलेला एकही दर तिथे मंजूर होऊ शकत नाही.

मुळात पक्षाचे करधोरण नेता ठरवतो. मोदी गुजरातचे मुख्यमंत्री असताना त्यांच्या सरकारने जीएसटीला विरोध केला. ते पंतप्रधान झाले आणि तोच कर १ जुलै २०१७ च्या मध्यरात्री मोठ्या थाटात लागू झाला. नेत्याची भूमिका फिरली, तसा पक्षही फिरला. खंबीर नेत्याशिवाय सुधारणा होत नाहीत, असे समर्थक म्हणतील. मग त्याच खंबीरपणाने करवाढीची जबाबदारीही नेत्याने घेतली पाहिजे. राज्यातही वेगळे घडले नाही. काँग्रेस आघाडीने आणलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) फडणवीस सरकारने १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ केला. व्यापारी सुटले, नेत्यांचा जयजयकार झाला आणि उत्पन्न बुडालेल्या कोल्हापूरसारख्या महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. या तुटीचा हिशेब कोणत्याही नेत्याने जाहीर सभेत दिला नाही. कर नेत्याच्या शब्दावर घटणार असतील, तर वाढलेल्या प्रत्येक करावर आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक तिजोरीवरही त्याच नेत्याचे नाव लिहिले गेले पाहिजे. खासदार-आमदारांनी टाळ्या वाजवणे थांबवून सभागृहात हा जाब विचारावा. त्यांना निवडून दिले आहे ते त्यासाठीच.