लाल शाई आणि इंग्रजीची वही

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना आम्हां शिक्षकांच्या हातून एक अन्याय नकळत घडतो. दोन पाने मन लावून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत वीस लाल खुणा होतात; पाठ केलेली चार वाक्ये लिहून थांबणाऱ्याची वही स्वच्छ राहते. पुढच्या निबंधाला पहिला विद्यार्थीही चार वाक्यांवर थांबतो. व्याकरण सुधारण्याऐवजी आम्ही त्याचे लिहिणेच आखडून टाकतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या कागदातील चुकीची नोंदही पुरावा म्हणून वाचावी लागते. वहीतील चूकही तशीच वाचली पाहिजे. 'माय फादर इज फार्मर' असे लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो. 'माझे वडील शेतकरी आहेत' या वाक्यात इंग्रजी 'अ'ला जागाच नसते. 'शी डिड नॉट वेन्ट' या चुकीमागे 'ती गेली नाही' हे वाक्य उभे असते. मराठीत नकारातही भूतकाळ मुख्य क्रियापदावर राहतो. इंग्रजीत तो 'डिड'कडे जातो आणि 'गो' मूळ रूपात उरते. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' हे 'मी तीन वर्षांपासून इथे राहत आहे' याचेच शब्दशः रूप होय. इंग्रजीला तेथे 'हॅव बीन लिव्हिंग' आणि कालावधीसाठी 'फॉर' लागते. अनेकवचनाचा 'एस' शिकलेल्या मुलाला 'द बॉय प्लेज' असा एकाच मुलासाठी 'एस' लावणे उफराटे वाटले, तर नवल ते काय?

म्हणून आमचे मत असे की, एका निबंधात एकाच प्रकारच्या चुका अधोरेखित कराव्यात. दुरुस्त रूप लिहून देऊ नये. फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्य शेजारी मांडून त्यांतील फरक मुलांकडूनच वदवून घ्यावा. मग तोच निबंध पुन्हा लिहवून घ्यावा आणि गुण त्या दुसऱ्या लेखनाला द्यावेत.

'आशय कळला, मग व्याकरणाचा आग्रह कशाला?' असे काही सहकारी म्हणतात. हे औदार्य आम्हांस मान्य नाही. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी वाक्य तपासून देणारे कोणी नाही. आम्ही सोडून दिलेली चूक उद्या नोकरीच्या अर्जात कोणीतरी हेरील. तो कारण समजावणार नाही, अर्ज बाजूला ठेवील. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यासाठी इंग्रजीत लिहिलेले अध्यक्षीय भाषण स्वखर्चाने छापले. व्यासपीठ नाकारले गेले, तरी लिहिलेला शब्द वाचकांपर्यंत पोहोचला.

या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आपले म्हणणे निर्भयपणे आणि निर्दोष इंग्रजीत मांडता आले पाहिजे. त्यासाठी आधी त्यांना दोन पाने चुकत चुकत लिहू द्यावी लागतील.