ठेव वेगळी, भांडवल वेगळे

घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर कपाट आवरताना सहकारी बँकेचा जुना शेअर दाखला हाती येतो. कधी काळी कर्ज काढताना घेतलेले ते शेअर. तारण कर्जावर अडीच टक्के, विनातारण कर्जावर पाच टक्के शेअर घ्यायचे, ही नागरी सहकारी बँकांतली जुनी पद्धत. कर्ज फिटते, दाखला मात्र राहतो. मग मुले बँकेत जाऊन म्हणतात, "आमचे पैसे परत द्या." तिथे उत्तर मिळते, "नियम बघावा लागेल."

आपल्या सीमाभागात मराठीत ठेव, तर कन्नडात ठेवणी. मराठीत भांडवल, तर कन्नडात बंडवाळ. शब्द बहिणी-बहिणी, पण ठेव आणि भांडवल यांची गल्लत नको. ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले उसने. मुदत संपली की मागण्याचा हक्क आपला. शेअर म्हणजे मालकीचा वाटा. बँक बुडाली तर आधी ठेवीदार. सगळ्यांची देणी भागून काही उरले तरच सभासद.

म्हणूनच शेअर परत करण्याला कुंपण आहे. सगळेच सभासद शेअर सोडून निघाले तर ठेवीदारांच्या पाठीशी काय उरणार? मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सभासदांचे, तसेच मयत सभासदांच्या वारसांचे शेअर मागणीनुसार परत करण्यास मोकळीक दिली. अट अशी, की जोखमीच्या मानाने बँकेचे भांडवल किमान ९ टक्के हवे आणि परतफेडीनंतरही ते त्याखाली जाता कामा नये. म्हणजे बँक अशक्त झाली, की आपल्याला घाई होते तेव्हाच दार बंद होते.

पतसंस्था आणि सौहार्द संस्थांना कर्नाटकाचे १९५९ व १९९७ चे सहकार कायदे आणि त्यांचे स्वतःचे पोटनियम लागू होतात. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. शेअरला ते नाही, आणि पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही.

तेव्हा वाचकहो, दाखल्यावर वारसाची नोंद आहे का, ते आजच पाहा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही विचारून घ्या. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार आला तर कारणही लेखी मागा. आणि शेअरच्या पैशावर लेकीच्या लग्नाचा खर्च धरून चालू नका. त्यासाठी ठेवच बरी.