आजीची भाषा आणि नातीची स्पॅनिश

मीरा रोडवरील एका घरी आशीर्वादासाठी गेलो होतो. घरातील मुलगी स्पॅनिश शिकते. तिने चार वाक्ये म्हणून दाखविली; उच्चार स्वच्छ होते, ऐकून आनंद वाटला. आतल्या खोलीत तिची आजी, मूळची उत्तनची, मराठीत माळ म्हणत होती. नात आजीशी हिंदीत बोलते, आजी तिला कोळी बोलीत उत्तर देते आणि निम्मे बोलणे दोघींच्याही डोक्यावरून जाते. "फादर, मराठीचा पुढे उपयोग काय?" असे मुलीच्या आईने विचारले. मी चहा घेतला आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

स्पॅनिशशी माझे भांडण नाही. ख्रिस्तसभेने तर ती शिकविण्यासाठी शाळा चालविल्या. १९६१ साली मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे इव्हान इलिच या धर्मगुरूंनी लॅटिन अमेरिकेत सेवेला जाणाऱ्या उत्तर अमेरिकन धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिकांसाठी असे केंद्र उघडले. तेथे महिनोन्‌महिने, दिवसाचे अनेक तास स्पॅनिशच घोटून घ्यावी लागे. लोकांचे शब्द शिकण्याहून त्यांचे मौन समजून घेणे अधिक कष्टाचे, असे इलिच यांचे मत होते. पुढे त्यांचे रोमशी बिनसले आणि त्यांनी धर्मगुरुपदाचे काम सोडले, हा भाग वेगळा. परंतु ज्यांच्यात जायचे त्यांच्या तोंडची भाषा आधी आपल्या तोंडी बसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला आजही बिनतोड वाटतो.

आपल्याकडे हा आग्रह चारशे वर्षांपूर्वीच धरला गेला होता. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली मरेपर्यंत इकडेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातील साष्टीत गेले (आपली साष्टी नव्हे!). लोकांत राहून त्यांनी भाषा आत्मसात केली, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापून निघाले. १६०६ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेने तर स्थानिक भाषा न येणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये, असे ठरविले होते. नंतर १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने उलटा हुकूम काढला: लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. म्हणजे आधी मेंढपाळाने भाषा शिकायची होती, नंतर ते ओझे मेंढरांवर टाकले गेले.

आज आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत? आपल्यावर कोणा व्हाइसरॉयचा हुकूम नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेचे दार उघडून दिले. तरीही उत्तन, पाली, डोंगरी, राई, मुर्धे या गावांत जन्मलेली आपली कुटुंबे फ्लॅटमध्ये राहायला गेली की भाषा जुन्या पाट्या-वरवंट्यासारखी गावीच ठेवून जातात. आणि आम्ही धर्मगुरू? मी याच भागातला. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मात्र इंग्रजीत शिकलो. गुरुदीक्षेनंतर पहिल्याच वर्षी एका मरणासन्न म्हातारीला तैलाभ्यंग द्यायला गेलो आणि इंग्रजी पुस्तक उघडले. तिने माझा हात धरला व म्हणाली, "बाबा, आपल्या भाषेत म्हण." मला 'नमो मरिये' तेवढे पाठ होते. तेच तीनदा म्हटले. तिला ते पुरले. मला अजून पुरलेले नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: आपला धर्मग्राम मिश्र आहे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तामीळ भाविक आहेत, इंग्रजी सर्वांना जोडते. ती खरोखर सर्वांना जोडते काय? मासळी विकून थेट मिस्साला येणाऱ्या बाईला ती कुठे जोडते? मंगळूरच्या बंधूंना तरी मराठी कठीण का वाटावी? त्यांची कोकणी तिची सख्खी बहीण आहे.

२०२५ मध्ये याच मीरा रोडवर भाषेवरून मारहाण झाली आणि त्यावरून मोर्चे निघाले. थप्पड मारून कोणालाही भाषा येत नाही. फार तर भीती येते. तो मार्ग ख्रिस्ताचा नव्हे. पण त्या मारहाणीचा निषेध करताना "आम्हांला मराठी शिकायचीच नाही" या हेक्यालाही आपण पाठीशी घालतो, हे मला मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. या पट्ट्यात नेमणूक होणाऱ्या प्रत्येक नवगुरूने आधी सहा महिने उत्तनच्या किंवा डोंगरीच्या एखाद्या घरात राहावे. पुस्तक नको, वर्ग नको. जेवावे, बाजारात जावे, मयताला बसावे, चुकावे, हसे करून घ्यावे. मगच त्याला कुमसार ऐकायला बसवावे.

वरिष्ठ यावर काय ठरवतील ते ठरवोत. माझ्या धर्मग्रामात जूनपासून धर्मशिक्षणाचा एक तास मराठीत होईल. शिक्षक अपुरे आहेत. ज्यांना रविवारी तासभर देता येईल त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत मला भेटावे. त्या आजींना मी आधीच विचारले आहे. नातीलाही सोबत आणणार असतील तर त्या येणार आहेत.