कोपऱ्यातला संगणक

तुमच्यापैकी काहींच्या घरी कोपऱ्यात एक जुना संगणक असेल. त्यावर भरतकाम केलेले कापड असेल, कापडावर फुलदाणी असेल आणि शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. आमच्या हिंगणघाटच्या घरीही असाच एक होता. मी बी.एड.ला असताना, २०१० साली, तो घेतला होता. पुढे घरात मोबाईल आले आणि संगणक मुका झाला. तो भंगारात द्यायचे दोनदा ठरले होते. दिला नाही, हे फार बरे झाले. माझे मत सरळ आहे : असा संगणक विकू नका, त्याला वाय-फाय जोडा.

कारण सांगतो. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि आम्ही मोबाईलवर वर्ग घेऊ लागलो. हजेरी घेताना मुलींची नावे पुकारली की कितीदा तरी उत्तरच येत नसे. दुसऱ्या दिवशी विचारले तर त्या म्हणत, "सर, मोबाईल अब्बा कामावर घेऊन गेले होते." कुणाचा मोबाईल भाईजानकडे असे. यात अब्बांचा दोष नाही. मोबाईल खिशासाठीच बनला आहे आणि खिसा बाहेर जाणाऱ्या माणसाबरोबर जातो. संगणक मात्र कुठे जात नाही. जो घरात असेल, त्याचा तो. तुमच्या घरात दिवसभर कोण असते, ते तुम्हीच पाहा.

सेवाग्रामची सहल तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. तिथे आश्रमात बापूंच्या कार्यालयात एक जुना टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवण्यात आला. त्यासाठी त्या लहानशा गावापर्यंत तार आणावी लागली. आज घरात राउटर असेल तर निरोप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिनतारी जातो, आणि त्याला परवानाही लागत नाही. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आमच्या आजोबांना साध्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे!

जुन्या संगणकात या लहरी पकडणारा भाग नसतो, एवढीच अडचण. तो भाग बाहेरून लावता येतो. अंगठ्याएवढा यूएसबी अडॅप्टर पाच-सहाशे रुपयांना मिळतो. पण आधी फुकटचा एक प्रयोग करा. अँड्रॉइड मोबाईल वाय-फायला जोडा, मग केबलने संगणकाला लावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक वेळा मोबाईलचे इंटरनेट संगणकाला मिळू लागते. अडॅप्टरची संगणकाला ओळख करून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी असाच उतरवून घेतला. अडॅप्टरबरोबर आलेली सीडी आमच्या संगणकाने वाचलीच नाही.

माझी फजितीही ऐका. अडॅप्टर मी कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावला. कॅबिनेट लोखंडी, त्यामागे जाड भिंत आणि राउटर पलीकडच्या खोलीत. सिग्नल काही येईना. दोन दिवस मी मनातल्या मनात दुकानदाराला बोल लावला. शेवटी धाकट्या बहिणीने एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून तो अडॅप्टर टेबलावर आणून ठेवला आणि काम झाले. धातू रेडिओलहरींना अडवतो, हे मी वर्गात शिकवले होते! राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर भिंतीपलीकडच्या संगणकासाठी २.४ बरा. ५ चा वेग जास्त असतो, पण त्याच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात.

कुणी म्हणेल, जुना संगणक फार हळू चालतो. खरे आहे. वाय-फायने तो तरुण होत नाही. पण बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. नस्तालीक अक्षरांचे नुक्ते मोबाईलवर शोधून डोळे दुखतात, मोठ्या पडद्यावर तेच पान सुखाने वाचता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोज ७ ला कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे त्यांत सापडणाऱ्या नव्या चुका आता नेहमीप्रमाणे दुरुस्त होत नाहीत. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नका. जमल्यास त्यावर लिनक्स घाला, ते मोफत असते आणि बरेचसे अडॅप्टर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते.

आणि वडीलमंडळींची भीती? घरात नेट आले की मुले बिघडतात, असे ते म्हणतात. त्यांना सांगा, संगणक बैठकीच्या खोलीत ठेवू. त्याचा पडदा येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसतो. मोबाईल मात्र चादरीखालीही जातो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आमचा संगणक आता बैठकीत आहे. फुलदाणी खिडकीत गेली. रोज दुपारी माझी बहीण त्यावर स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवते. मला शाळेचे काही टाइप करायचे असले, तर तिचे होईपर्यंत मी थांबतो.