यंत्रांच्या संभाषणावर पहारा कोणाचा?

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधील वीज-कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, संगणकाच्या पडद्यावर, उपकेंद्रांचे ब्रेकर एकामागून एक पडत गेले. नियंत्रणाचा ताबा दूरवरच्या हल्लेखोरांनी घेतला होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात काही तास अंधारात राहिले. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील संदेशवाहक उपकरणांचे सॉफ्टवेअरही निकामी केल्यामुळे पडद्यावरून ब्रेकर पुन्हा लावता येईनात. अखेर कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर धाव घेऊन ते स्वहस्ते लावले. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात तर स्फोट वा वायुगळती टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा-नियंत्रकांवरच हल्ला झाला. हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नसून यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या जीविताचा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कारखान्यातील यंत्रे परस्परांशी ज्या भाषांत बोलतात, त्यांपैकी ‘मॉडबस’ १९७९ ची आहे. आज्ञा कोणी दिली हे विचारण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. आज्ञा आली की यंत्र ती पाळते. त्या काळी हे संभाषण कारखान्याच्या भिंतींआड चाले. पुढे खर्चकपातीसाठी आणि मुख्यालयातून उत्पादनावर नजर ठेवण्यासाठी भांडवलदारांनी हीच यंत्रे बाह्य जाळ्यांना जोडली. लाभ मालकाच्या पदरात पडला, जोखीम मात्र कामगार आणि नागरिक यांच्या माथी आली. ‘ओपीसी यूए’सारख्या नव्या प्रणालींत ओळखपत्रे आणि सांकेतिक लेखन आले खरे, पण ते बंद ठेवण्याची मुभाही राहिली. बाजाराच्या स्पर्धेत सुरक्षितता ही नेहमीच नंतर पाहू अशा यादीत जाते.

या पार्श्वभूमीवर युरोपीय संघाचा २०२४ चा सायबर-सक्षमता कायदा महत्त्वाचा ठरतो. विक्रीच्या वेळीच उत्पादन सुरक्षित मांडणीत असावे, आत कोणकोणते सॉफ्टवेअर-घटक आहेत याची नोंद असावी आणि दोषदुरुस्ती उत्पादकाने करावी, असे तो बजावतो. एखाद्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे कळल्यापासून २४ तासांत पहिली सूचना देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, तर मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू करण्याचे त्यात ठरले आहे. कसूर केल्यास दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांपैकी अधिक असेल तेवढ्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो.

यामागील तत्त्व भारतीय श्रमिकाला अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने नव्या यंत्राचे धोकादायक फिरते भाग झाकलेले असावेत असे सांगितले आणि तसे नसलेले यंत्र विकणाऱ्यालाही शिक्षापात्र ठरवले. त्या लोखंडी आवरणाची जागा आज सॉफ्टवेअरच्या कुलपाने घेतली आहे, एवढाच फरक!

अर्थात युरोपचा कायदा निर्दोष नाही. बहुतेक उत्पादनांच्या बाबतीत आपण नियम पाळल्याचा दाखला उत्पादक स्वतःच देऊ शकतो. दोषदुरुस्तीचा किमान काळ सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा आहे. यंत्राच्या अपेक्षित आयुष्यानुसार तो अधिक असावा असे कायदा म्हणतो, पण तो ठरवतो उत्पादकच. कारखान्यातील यंत्र मात्र वीस-वीस वर्षे राबते.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर-घटनांची सूचना सहा तासांत देण्याचे बंधन घातले. तथापि ती घटना घडल्यानंतरची गोष्ट झाली. सदोष सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर युरोपसारखे सर्वंकष दायित्व टाकणारा कायदा येथे झालेला नाही. परिणामी, पुण्या-बंगळूरचे अभियंते युरोपसाठी कडेकोट सॉफ्टवेअर लिहितील आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जुनेच चालू राहील, असा धोका संभवतो. निर्यातीसाठी निवडक माल आणि घरच्यांसाठी उरलासुरला, ही रीत आंब्यांपुरती तरी सोसता येते. कामगाराच्या जिवाच्या बाबतीत ती सोसता कामा नये.

म्हणून कामगार संघटनांनी हा विषय सुरक्षा समित्यांपुढे आणला पाहिजे. वीजमंडळे आणि महापालिकांच्या पाणीयोजना यांच्या खरेदी-करारांत यंत्राच्या संपूर्ण आयुष्यापर्यंत दोषदुरुस्तीची अट घालण्याची मागणी झाली पाहिजे. आणि स्वयंचलनाच्या नावाखाली कामगारकपात सुचवणाऱ्यांना एवढेच विचारावे, की युक्रेनमध्ये त्या रात्री उपकेंद्रांवर धावून जाणारे हातच उरले नसते, तर दिवे लावले असते कोणी?