हात लावू नये

दसऱ्याला आमच्या धारूरच्या पेठेत तराजू, वह्या, शिलाईयंत्रे, ट्रॅक्टर, कोयते अशा साऱ्यांची पूजा होते. तशी आमच्या पतसंस्थेत संगणकाचीही होत असे. सीपीयूच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटे, बटणाच्या फटीत साचलेले वर्षावर्षांचे कुंकू, मागच्या जाळीवर आपट्याची पाने (गरम हवा बाहेर पडायची जागा नेमकी तीच), आणि दर्शनी बाजूला चिकटवलेला, कडा काळ्या पडलेला एक कागद : ‘हात लावू नये’. मी या संस्थेचा पंधरा वर्षे संचालक होतो. पंधराही वर्षे मी त्या पूजेला उभा राहिलो, पेढा खाल्ला, आणि त्या डब्यात काय चालते हे एकदाही विचारले नाही. मी निवृत्त शिक्षक आहे. न कळलेले विचारावे, हे मी जन्मभर पोरांना सांगत आलो.

त्या डब्यात फॉक्सप्रो २.६ वर लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. गेल्या शतकाच्या शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका होतकरू तरुणाने तो लिहून दिला, पैसे घेतले आणि पुढे पुण्याला नोकरीला निघून गेला. काय लिहिले, कसे लिहिले, हे त्याच्याकडून कोणी कागदावर मागून घेतले नाही. हीच भाषा, हाच काळा पडदा आणि हीच पांढरी अक्षरे तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी पतसंस्थांत, आडतींत, कारखान्यांच्या कचेऱ्यांत होती, आणि त्या काळी ते उत्तमच साधन होते. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण साधनाचे आयुष्य ठरलेले असते. मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनी १९९२ मध्ये विकत घेतली. या भाषेची शेवटची मोठी आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, २००४ मध्ये निघाली आणि तिचाही आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. आमचे यंत्र ज्या विंडोज एक्सपीवर चालत होते, त्या एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. या तारखा कोणी लपवून ठेवल्या नव्हत्या. घरच्या म्हातारीचे वय जसे सगळ्यांना ठाऊक असते आणि दवाखान्याचा विषय मात्र कोणी काढत नाही, तसे आम्ही सगळे त्या डब्याशी वागलो.

मग एका उन्हाळ्यात, दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या आठवड्यात, डबा बंद पडला तो उठलाच नाही. हार्डडिस्क वाचली, एवढेच दैव. नवा संगणक आणला, फाइली त्यावर घेतल्या, आणि प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली तर पडद्यावर एकच ओळ : हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही. कारण साधे आहे. जुना प्रोग्रॅम डॉसचा, १६ बिटांचा, नवी विंडोज ६४ बिटांची. जुन्या ३२ बिटी विंडोजच्या पोटात डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एक दुभाष्या असे. ६४ बिटी विंडोजमध्ये तो ठेवलेलाच नाही. उजवी टिचकी मारून ‘जुन्या विंडोजसारखे चालव’ असे कितीही सांगितले, तरी जो माणूस घरात नाही तो हाकेला ओ कशी देणार? संचालक मंडळाची तातडीची बैठक बसली आणि एकमताने ठराव झाला : काहीही करा, कितीही खर्च येऊ द्या, पण जुनेच चालू करा.

या ठरावावर माझी सही आहे. आम्ही ते काटकसरीपायी केले असे मी तेव्हा स्वतःला समजावले. ते खोटे होते. खर्चाची मर्यादाच ज्या ठरावात नव्हती, त्यात काटकसर कुठली?

अखेर गावातलाच एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, मदतीला आला. त्याने डॉसबॉक्स नावाचे एक फुकट मिळणारे साधन टाकले. नव्या संगणकाच्या आत ते एक खोटा जुना संगणक उभा करते. ते मुळात जुने खेळ खेळण्यासाठी केलेले आहे, हे त्याने सांगितले तेव्हा मंडळी हसली. काळी चौकट उघडली, पांढरी अक्षरे आली, मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आले. पासबुक छापायचे अडले, कारण तो प्रोग्रॅम फक्त जुन्या समांतर पोर्टवरच्या डॉट मॅट्रिक्सशी बोलत असे. तेही त्याने व्हीडॉस नावाच्या दुसऱ्या साधनाने सोडवले. पुन्हा पेढे आले. आणि पेढा हातात तसाच धरून तो मुलगा म्हणाला, “सर, हे काही दिवसांसाठी ठीक आहे. हिशेब नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचे, तर मला एकच सांगा, आपण व्याज कसं आकारता?”

त्या खोलीत नऊ संचालक, एक मॅनेजर आणि दोन क्लार्क होते. दर सगळ्यांना पाठ होता, सोळा टक्के. पण दिवस कसे मोजायचे, भरणा केल्याचा दिवस धरायचा की नाही, दंडव्याज कशावर लावायचे, हे बारा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. मॅनेजर म्हणाले, “ते कॉम्प्युटर काढतं.” वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही लोकांकडून एका अशा नियमाने पैसे वसूल करत होतो, जो नियम आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

मुलाने मग तो नियम उलट्या वाटेने शोधला. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबर ऑफिसच्या तक्त्यात सरळ उघडतात, त्याला कुठलीही किल्ली लागत नाही. ज्याला आम्ही गाभारा समजत होतो, त्याला दारच नव्हते. आत डोकवायचे आम्हीच राहिलो होतो. त्याने चालू वर्षाचे भरणे एकेक ताळून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले : महिना उलटून एक दिवस जरी झाला, तरी प्रोग्रॅम पूर्ण महिन्याचे व्याज लावतो.

ऐकायला ही बारीक गोष्ट वाटेल. ती कोणाला लागली, ते पाहावे. आमच्याकडचा व्यापारी, नोकरदार, माझ्यासारखा पेन्शनवाला तारीख सांभाळून पैसे भरतो. त्याला या नियमाची झळ कधी लागली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याची तारीख त्याच्या हातात नसते. दिवाळीच्या आगेमागे जोडपे कोयता घेऊन निघते, कधी साताऱ्या-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा, चैत्राच्या आसपास, परत येते. १२ ऑक्टोबरला वीस हजार घेतलेला माणूस १५ एप्रिलला दारात उभा राहिला, तर सहा महिने तीन दिवस झाले. त्या तीन दिवसांचे व्याज सव्वीस रुपये. आम्ही घेतले दोनशे सहासष्ट. वरचे दोनशे चाळीस म्हणजे, टनाला पावणेतीनशेच्या आसपास मजुरी होती त्या काळच्या हिशेबाने, पहाटेच्या थंडीत नवरा-बायको दोघांनी मिळून जवळजवळ एक टन ऊस तोडणे, साळणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून गाडीत भरणे. ते तीन दिवस त्यांनी चैनीत घालवले नव्हते. ते फडात होते, नाहीतर वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेले होते.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नावाच्या रकान्याला वीसच अक्षरे दिलेली होती, तीही इंग्रजी. पुरुषाचे नाव बहुधा त्यात मावले. बाईचे नाव, मग नवऱ्याचे नाव, आणि आडनावाची पहिली दोन अक्षरे, की रकाना संपला. शेकडो बायका आमच्या दप्तरात अर्ध्या आडनावाच्या होत्या. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी राज्यभरच्या बँकांकडून ६६ रकान्यांचे तक्ते भरून मागवले गेले आणि नावे जुळत नाहीत म्हणून गावोगाव काय हाल झाले, ते आठवावे. आम्ही तेव्हा सरकारला, पोर्टलला, सर्व्हरला शिव्या दिल्या. पारावर बसून मीही दिल्या. खिडकीशी आलेल्या बाईला “तुमचं नाव कॉम्प्युटरमध्ये बरोबर नाही” असे सांगणारी माणसे आमचीच होती. आणि ते वाक्य आम्ही असे म्हणत असू, जणू चूक तिच्या नावात आहे.

हे सगळे यंत्राबरोबर आले असे कोणी समजू नये. हे आमचे वाडवडिलार्जित आहे. मुघलांनी धारूरचा किल्ला घेतला आणि गावाला फतेहाबाद म्हटले. औरंगजेबाच्या काळातल्या इथल्या नाण्यांवरही ते नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र धारूरच राहिले. नोंद एकाची आणि जगणे दुसऱ्याचे, ही तऱ्हा या मातीत जुनी आहे. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत गेले, त्याच्याखाली मोडीतल्या वह्या होत्या, आणि दोन्ही ज्याच्या नावाने लिहिल्या त्या कुळाला वाचता येत नव्हत्या. कुलकर्ण्याने वाचून दाखवावे आणि कुळाने अंगठा उठवावा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पुरा केला, त्यात कागदाच्या याच सत्तेवर त्यांनी कोरडे ओढले. त्याआधी आठ वर्षे, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांना हवे होते ते गहाणखतांचे आणि वह्यांचे कागद. हाती लागले तेवढे त्यांनी जाळले. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कुठे ठेवलेली आहे, हे त्या निरक्षर माणसांनी बरोबर ओळखले होते. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये कायदा झाला, तो त्यानंतर.

आपण शिकलो, कुलकर्णी गेला, वतने गेली, सहकार आला. सहकाराचा अर्थच मुळी आपली वही आपल्या हाती असा. आणि त्या वहीवर आपण काय लिहिले? ‘हात लावू नये’. जातीचा कुलकर्णी गेला तरी कुलकर्णीपण आपण जपून ठेवले आणि ज्या जातींनी त्याचा मार खाल्ला, त्याच जातींच्या आम्ही ते पाळीपाळीने चालवले. एकाच माणसाला कळणारी वही म्हणजे त्याचा अनुभव, असे आपण मानतो. ती दुसऱ्याला समजावून न सांगणे म्हणजे त्याचे महत्त्व. आणि ज्याच्या पैशाचा तो हिशेब आहे त्याने प्रश्न विचारला, तर तो त्याचा उद्धटपणा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी तपासायला बसली, तेव्हा मराठवाड्याच्या कचेऱ्यांत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. पणजोबा कोण होते, हे सांगणारा कागद आपल्याच तहसिलीत होता आणि आपण तो पंचाहत्तर वर्षे वाचता येईल असा करून ठेवला नाही. त्या हकिकतीने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. पण ‘आज आपण जे लिहितो आहोत, ते पणतूला वाचता येईल का’ हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. मीही विचारले नाही. आमचा डबा तेव्हा डॉसबॉक्सवर सुखाने चालला होता.

कारण महिन्याचा तो नियम सापडल्यावर पुन्हा बैठक झाली होती, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. एक संचालक म्हणाले, नव्या प्रोग्रॅममध्येही तसेच ठेवा, म्हणजे आकडे जुळतील. दुसरे म्हणाले, ऑडिटमध्ये कधी आक्षेप आला का? तिसरे म्हणाले, हे बाहेर गेले तर ठेवीदार पळतील. तीनही बोलणी वावगी वाटली नाहीत. कारण ती तशी नव्हतीच, ती नेहमीचीच होती. ती माणसे दुष्ट नव्हेत. अडल्या-नडल्याला रात्री दार उघडणारी आहेत. मी म्हणालो, “सध्या आहे ते चालू द्या, पुढे बघू.” जुने चालू करा हा हट्ट कशासाठी होता, ते मला माझ्याच तोंडून ऐकून कळले. नवे आणले की जुने उघडावे लागते.

ते ‘पुढे’ यायला दोन वर्षे लागली. आणले ते त्या मुलाने. तो दर बैठकीला यायचा, शांतपणे बसायचा आणि महिन्याच्या नियमाचा तोच कागद पुढे ठेवायचा. आता नवा प्रोग्रॅम आहे, व्याज दिवसावर मोजले जाते आणि तो नियम मराठीत, ठळक अक्षरांत, खिडकीशेजारी लावला आहे. नाव पूर्ण आहे, देवनागरीत आहे. चालू कर्जखात्यांवरचे जादा व्याज परत द्यायचा ठराव झाला. तीन जणांनी विरोध नोंदवला, नोंदवू द्यावा. बदल अवघड होता असे मला आता वाटत नाही. आम्ही तो फक्त केला नव्हता.

गेल्या चैत्रात एक बाई परताव्याची पावती घ्यायला आली. हाताला उसाच्या पाल्याचे चरे होते. पावतीवरचे स्वतःचे नाव तिने बोट ठेवून, अक्षर न् अक्षर वाचले, आडनावापर्यंत. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “गुरुजी, हे औंदाचं झालं. मंग आधीच्या वर्षांचं?”

जुना प्रोग्रॅम दर मार्चअखेरीला फक्त शिल्लक पुढे ओढायचा आणि वर्षभराचे व्यवहार पुसून टाकायचा. आधीचे जे काही आहे ते पावत्यांत आहे, आणि पावत्या मागच्या खोलीत बारदानाच्या पोत्यांत. मुलगा आणि मी रविवारी बसतो. वाळवीने खालची दोन पोती संपवली आहेत. परवा पाचवे सोडले. वरच्या गड्डीवर तारीख होती, १७ एप्रिल २००९, आणि अंगठ्याचा एक निळा ठसा.